‘बाकी विशेष काही नाही’ : शोळिंगनल्लूरमधील मराठी घरे आणि दिवसभराच्या किरकोळ गोष्टींचे सांगणे

मराठी कौटुंबिक पत्राच्या रूढ साच्यात दोन वाक्यांना फार महत्त्वाचे स्थान होते. आरंभी ‘पत्रास कारण की’ आणि शेवटाकडे ‘बाकी विशेष काही नाही’. पहिले वाक्य पत्राचे प्रयोजन मागते. दुसरे ते संपल्याचे जाहीर करते. प्रत्यक्षात मात्र जुनी घरगुती पत्रे चाळली असता वेगळेच दिसते. ‘विशेष काही नाही’ असे लिहून झाल्यावरच लेखणी मोकळी होते. म्हैस आटली, शेजारच्या सूनबाई माहेरी गेल्या, यंदा लोणच्याला मीठ कमी पडले, धाकट्याचा दात पडला हा सारा मजकूर त्या वाक्यानंतर, पुष्कळदा समासात आडवा-उभा लिहून येतो. 1879 मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाल्यावर तर अशा मजकुराला अत्यंत स्वस्त वाहन मिळाले. तेव्हा ‘विशेष काही नाही’ हे वाक्य नकारार्थी असले तरी त्याचे कार्य परवानगीचे आहे. महत्त्वाचे सांगून झाले, आता बिनमहत्त्वाचे सांगण्यास हरकत नाही, असा त्याचा आशय होय.

या बिनमहत्त्वाच्या मजकुराला मराठीत एकच असे नाव नाही. ‘गप्पा’ हा शब्द फार सैल आहे. त्यात राजकारणापासून क्रिकेटपर्यंत सर्व काही येते. ‘कुचाळक्या’ अनुपस्थित माणसाविषयी असतात, ‘गाऱ्हाणे’ दाद मागते, ‘हकीकत’ घटनेला वजन देते. जुन्या पत्रांतील ‘इकडील वर्तमान’ हा शब्दप्रयोग त्यातल्या त्यात जवळचा. परंतु तो आता बोलण्यात उरलेला नाही. म्हणून स्वतःच्या दिवसातील क्षुल्लक, निष्परिणाम प्रसंग जवळच्या माणसाला सांगण्याच्या व्यवहारास प्रस्तुत लेखात ‘नित्यनिवेदन’ असे म्हटले आहे. परभाषिक शहरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या भाषेचे भवितव्य या किरकोळ व्यवहाराशी जितके निगडित आहे तितके ते ग्रंथालयांशी वा संमेलनांशी नाही, ही गोष्ट चेन्नईच्या दक्षिण टोकावरील शोळिंगनल्लूरच्या संदर्भात विशेष स्पष्टपणे पाहता येते.

भाषाभ्यासात या व्यवहाराकडे तसे उशिराच लक्ष गेले. ब्रॉनिस्लाव मॅलिनॉव्स्की यांनी 1923 मध्ये केवळ स्नेहसंबंध राखण्यासाठी होणाऱ्या बोलण्याचा विचार मांडला. हवापाण्याची, खुशालीची विचारपूस त्यात मोडते. तमिळ भाषकाचे ‘साप्टाच्चा?’ आणि मराठी भाषकाचे ‘जेवलात का?’ हे दोन्ही प्रश्न याच जातीचे. उत्तरात ‘हो’ एवढेच अपेक्षित असते. नित्यनिवेदन मात्र या ‘हो’च्या पुढे सुरू होते. ‘काय केलं होतं आज?’ असा पुढचा प्रश्न आला की भाजी कोणती, ती का करपली, करपली तेव्हा दारावर कोण आले होते, अशी मालिका उलगडू लागते. विल्यम लबॉव आणि जोशुआ वालेत्स्की यांनी 1967 मध्ये तोंडी निवेदनाचे जे विश्लेषण केले, त्यात सांगण्याजोगेपणाला फार महत्त्व आले. लबॉव यांच्या प्रसिद्ध प्रश्नांपैकी एक तर जीवावर बेतलेल्या प्रसंगाविषयीचा होता. हार्वी सॅक्स यांनी 1970 मधील व्याख्यानात याच्या उलट टोकाकडे लक्ष वेधले: सामान्य माणूस आपला दिवस सामान्य ठेवण्यासाठी सतत झटत असतो, आणि असामान्य काही घडले तरी ते नेहमीच्याच भाषेत सांगतो. करपलेल्या भाजीचे सांगणे समजून घेण्यास सॅक्स अधिक उपयोगी पडतात, यात शंका नाही.

मराठीच्या अभ्यासकाला खरे तर यासाठी इतके दूर जाण्याची गरज नव्हती. मराठी गद्याचा आद्य मोठा ग्रंथ, म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’, हा बहुतांशी नित्यप्रसंगांचा संग्रह आहे. चक्रधरस्वामी कोठे बसले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, हे ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी टिपून घेतले, आणि आठवणींत भेद आढळला तर तोही महानुभाव परंपरेने नोंदवून ठेवला. येथे नित्यप्रसंगाला श्रद्धेमुळे मोल आले हे खरे. तरी ते प्रसंग शिष्यांच्या आपसांतील सांगण्यात आधीपासून जिवंत नसते, तर गोळा करण्याजोगे काही उरलेच नसते. दुसऱ्या टोकाला जात्यावरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. पहाटे जात्याला दुसऱ्या हाताने धरणारी बाई हाच त्यांतील बहुतेक सांगण्याचा पहिला श्रोता होता. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे सामर्थ्यही, संसारातल्या फजित्या शेजारणीला सांगाव्यात तशा सांगण्याच्या ढंगात आहे.

शोळिंगनल्लूर हे पूर्वी चेन्नईबाहेरचे एक गाव व नंतरची नगरपंचायत. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील हे ठिकाण. पूर्वेला बकिंगहॅम कालवा, त्यापलीकडे समुद्रकिनाऱ्याचा रस्ता, वायव्येला पळ्ळिकरणैची पाणथळ. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून या पट्ट्यात संगणक कंपन्यांचे आवार, शासकीय पाठबळाचे विशेष आर्थिक क्षेत्र आणि त्यांमागोमाग बहुमजली निवासी संकुले आली. रस्त्याला राजीव गांधी सालै असे नाव मिळाले आणि 2011 मध्ये शोळिंगनल्लूर चेन्नई महानगरपालिकेत सामील झाले. पुणे, नागपूर, कोल्हापूर, नाशिक येथून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे या संकुलांत तेलुगू, बंगाली, हिंदी, मलयाळी शेजाऱ्यांसोबत विखुरलेली आहेत. ‘मराठी वस्ती’ म्हणावी अशी ती कोठेच नाही. एका मजल्यावर एक, क्वचित दोन घरे.

चेन्नईत मराठी माणूस मात्र नवा नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकात तंजावर घेतल्यापासून 1855 मध्ये ते राज्य खालसा होईपर्यंत सुमारे 180 वर्षे तेथे भोसल्यांचा अंमल होता. त्या काळात आलेल्या कुटुंबांचे वंशज आज तमिळनाडूभर आणि विशेषतः चेन्नईत आहेत; त्यांची बोली तंजावर मराठी किंवा दक्षिणी मराठी म्हणून ओळखली जाते. त्यांच्या विद्यार्थ्यांना साहाय्य करणारा मराठा एज्युकेशन फंड चेन्नईत 1912 पासूनचा. तिसरा समूह विद्वानांच्या लेखनात सहसा येत नाही, तो सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी व लगतच्या दुष्काळी तालुक्यांतून देशभर पसरलेल्या गलाई व्यावसायिकांचा. सोन्या-चांदीची गाळणी करणारी ही मंडळी तमिळनाडूच्या सराफ बाजारांत आहेत. हाताखाली गावाकडचा, पुष्कळदा नात्यातलाच मुलगा आणायचा, ही त्यांची रीत. साहजिकच भट्टीशेजारचे दिवसभराचे बोलणे माणदेशी वळणाचेच राहते.

या तिन्हींची तुलना उद्बोधक आहे. दक्षिणी मराठीचा लेखी आधार जवळजवळ संपला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रे हा केवढा तरी ठेवा. त्यात दरबारी व्यवहाराबरोबर खर्चाच्या, नेमणुकांच्या, मुदपाकखान्याच्या नित्य नोंदी आहेत. परंतु ते मोडी वाचू शकणारे आज मोजकेच आहेत, आणि देवनागरी मराठी वाचनाचा सरावही या समाजातील पुष्कळांना नाही. शाळा तमिळ वा इंग्रजी, वृत्तपत्र तमिळ वा इंग्रजी, नाटक-सिनेमा तमिळ. असे असूनही बोली तीनशे वर्षांहून अधिक काळ टिकली. ती टिकली स्वयंपाकघरात, माजघरात, लग्नाच्या पंगतीत. दिवसभर तमिळमध्ये घडलेला दिवस संध्याकाळी मराठीत सांगितला जात असे, एवढाच तिचा आधार होता. शोळिंगनल्लूरच्या नव्या मराठी कुटुंबाकडे याच्या नेमके उलट साधनवैभव आहे. मराठी वृत्तपत्र हातातल्या फोनवर, मराठी मालिका भिंतीवर, कपाटात पु. ल. आणि जी. ए.; दर दिवाळीला अंकही येतात. उणीव आहे ती संध्याकाळच्या सांगण्याची. जोशुआ फिशमन यांनी 1991 मध्ये भाषासंवर्धनाच्या पायऱ्या मांडताना घरातील पिढ्यांमधल्या संक्रमणाला जे मध्यवर्ती स्थान दिले, ते या दोन समूहांकडे पाहता पटते.

हे सांगणे भाषेत नेमके काय करते, ते बारकाईने पाहिले पाहिजे. असा एक संवाद कल्पावा. शाळेतून आलेली आठ वर्षांची मुलगी सांगते: ‘आई, आज ना बसमध्ये काय झालं, डबा लवंडला आणि सगळं सांबार दप्तरात सांडलं. तर अक्का काय म्हणाली, परवाइल्लै, मी पुसते म्हणून.’ घटना शून्य किमतीची आहे. पण तिच्या सांगण्यात ‘ना’ने ऐकणाऱ्याचे लक्ष धरले आहे, ‘काय झालं’ने पुढे काहीतरी येणार अशी ग्वाही दिली आहे, ‘तर’ने प्रसंगाला वळण दिले आहे, आणि बसमधल्या तमिळ मदतनीस बाईचे बोलणे ‘म्हणून’ लावून जसेच्या तसे मराठी वाक्यात बसवले आहे. यांपैकी एकही गोष्ट शालेय व्याकरणात शिकवली जात नाही.

आता हाच मजकूर दुसऱ्या रीतीने: ‘आज बसमध्ये लंचबॉक्स ओपन झाला आणि सांबार बॅगमध्ये स्पिल झालं.’ नामे परभाषेतून आली म्हणून कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही. मराठीने टेबल, बटण, पगार, बालदी विनातक्रार पचवले आहेत. येथे गेले आहे ते क्रियापद. सांडणे, लवंडणे, उतू जाणे, गळणे, ठिबकणे, पाझरणे, झिरपणे या प्रत्येकात द्रव पदार्थाची चाल वेगळी आहे. दूध उतू जाते, तांब्या लवंडतो, नळ ठिबकतो, माठ पाझरतो. हे भेद मुलाला कळतात ते दूध उतू गेल्याचे, तांब्या लवंडल्याचे कोणीतरी सांगते तेव्हा. एकदा ‘होणे’ आणि ‘करणे’ ही दोनच क्रियापदे बोलण्याचा भार वाहू लागली की मराठीचे वाक्य उभे राहते खरे, पण घरातील बाकीची क्रियापदे बिनकामाची होतात. रुसणे, ओशाळणे, कुरकुरणे, वेडावणे, चिडवणे या मनोव्यापारांच्या शब्दांचीही तीच गत. पाठ्यपुस्तकांतील मराठी निबंध ‘पर्यावरणाचे महत्त्व’ शिकवू शकतो. ‘ती मला वेडावून गेली’ हे शिकवू शकत नाही.

‘म्हणून’विषयी आणखी थोडे. दुसऱ्याचे बोलणे सांगण्याच्या मराठीत दोन वाटा आहेत: ‘तो म्हणाला की मी येतो’ आणि ‘येतो म्हणून सांगितलं’. दुसरी वाट तमिळमधील ‘वरेन्नु सोन्नार’ या रचनेशी जवळजवळ पावलाला पाऊल जुळणारी आहे. भाषावैज्ञानिक तिला दक्षिण आशियाई भाषांचे सामायिक लक्षण मानतात. मराठी घरात तमिळ शेजाऱ्याचे, दूधवाल्याचे, पहारेकऱ्याचे बोलणे सांगताना वाक्याची मोड बदलावी लागत नाही. तमिळच्या सान्निध्यात दक्षिणी मराठीचे नित्यनिवेदन सुरळीत चालू राहण्यास हे साम्य उपकारक ठरले असावे. इंग्रजीत घडलेल्या दिवसाला ही सोय नाही. शिक्षिकेचे इंग्रजी वाक्य मराठीत सांगायचे तर मुलाला खरोखर भाषांतर करावे लागते, आणि आई-वडिलांना इंग्रजी उत्तम येत असल्याने त्या कष्टाची गरजच उरत नाही. तंजावरच्या जुन्या घरातील आजीला इंग्रजी येत नसे. मुलाला मराठीत सांगणे भाग होते. आजच्या आईला सर्व कळते, हीच भाषेच्या दृष्टीने अडचण आहे!

ऐकणारा कसा आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. एलिनॉर ऑक्स आणि कॅरोलिन टेलर यांनी 1992 मध्ये अमेरिकी कुटुंबांतील रात्रीच्या जेवणाच्या वेळच्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आई मुलाला ‘सांग बाबांना आज काय झालं’ असे सुचवते, मूल सांगते, आणि वडील त्यातील चूक काढतात, असा क्रम त्यांना वारंवार आढळला. मराठी घरांना हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही. सांडलेल्या सांबाराच्या कथेवर ‘मग झाकण नीट का नाही लावलंस?’ असा प्रश्न आला की निवेदनाचे रूपांतर जबानीत होते. काही दिवसांनी ‘शाळेत काय झालं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर येऊ लागते. पत्रातील ‘विशेष काही नाही’ आणि हे ‘काही नाही’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

शोळिंगनल्लूरच्या परिस्थितीत सर्वाधिक कोंडी होते ती मुलांची नव्हे, वृद्धांची. मुलगा-सून नोकरीला, नातवंडे शाळेत. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईचा दिवस दहाव्या मजल्यावर जातो. तिच्या दिवसात घडत काहीच नाही असे नव्हे. या पट्ट्यातील पुष्कळ संकुले पाण्यासाठी टँकरवर अवलंबून. 2019 च्या उन्हाळ्यात तर टंचाई इतकी तीव्र झाली की काही संगणक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरूनच काम करण्यास सांगितले. टँकर किती वाजता आला, आज दोन आले की तीन, पाण्याला गढूळपणा होता का, हे सर्व गच्चीतून दिसते. मात्र ते सांगावे कोणाला? गावाकडे असते तर अंगणातच चार बायका भेटल्या असत्या. येथे शेजारीण तमिळ वा तेलुगू बोलणारी, आणि कंपनीच्या बसने रात्री नऊला घरी येणाऱ्या मुलाला दिवसभराच्या इंग्रजी बोलण्याने आलेला शीण. सांगण्याच्या गोष्टी दिवसभर साठतात आणि रात्री शिळ्या होतात. कौटुंबिक समूहांतील संदेश हे यावर उत्तर मानले जाते; परंतु तेथे सुप्रभाताची चित्रे आणि पुढे धाडलेली सुभाषितेच अधिक. दूध नासल्याचे टंकित करून पाठवावे इतके ते महत्त्वाचे कोणास वाटत नाही, आणि न वाटणे हे स्वाभाविकही आहे. नित्यनिवेदनाला समोर माणूस लागतो, निदान आवाज तरी.

डिसेंबर 2015 मधील महापुरात हा आवाजच तुटला. चेन्नईचे विमानतळ बंद पडले, वीज गेली, फोनची सेवा अनेक भागांत कोलमडली. दक्षिणेकडील सखल वस्त्यांत पाणी घुसले. अशा वेळी फोन लागलाच तर ‘सुखरूप आहोत’ एवढेच सांगून तो पुरवून वापरावा लागतो. येथे संवाद खऱ्या अर्थाने ‘पत्रास कारण की’पुरता उरतो. सेवा सुरळीत झाल्यावर घराघरांतून होणारे दीर्घ फोन मात्र पुराच्या पाण्याविषयी थोडे आणि मेणबत्त्या कोठून आणल्या, गव्हाच्या पिठाचे काय झाले, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी इडल्या कशा पाठवल्या यांविषयी अधिक असतात. सॅक्स यांचे म्हणणे याहून वेगळे नव्हते.

एका गोष्टीची नोंद येथे करावी लागते. ती आतापर्यंतच्या विवेचनात नीट बसत नाही. घरकामाला येणारी तमिळ बाई आणि मराठी आजी यांच्यात रोज तासभर बोलणे चालते. एकीला मराठी येत नाही, दुसरीला तमिळ. तरीही गॅस संपल्याचे, मुलाच्या तापाचे, बस चुकल्याचे दोघी एकमेकींना आपापल्या भाषेत सांगतात. ऐकणारी मान डोलावते आणि उत्तरादाखल आपले काही सांगते. अर्थबोध किती होतो हा प्रश्न दोघींनाही पडत नसावा. चार-सहा महिन्यांत ‘तण्णी’, ‘पाल’, ‘इल्लै’ इकडे येतात आणि ‘नको’, ‘उद्या’, ‘अगं बाई’ तिकडे जातात. तमिळ आणि मराठी तंजावरच्या घरांत प्रथम अशाच भेटल्या असतील काय, हे सांगणारा कागद सरस्वती महालात सापडण्याची शक्यता कमी. नित्यनिवेदन सहसा कागदावर येत नाही. अशी आजी सांगलीला परतते, सकाळी नळाकडे पाहत सुनेला ‘तण्णी आली का गं?’ असे विचारून बसते, आणि मग दुपारी तेच फोनवर शोळिंगनल्लूरला सांगते.